ऐंशीवर अडलेला काटा

जर्मन शेफर्डचे पिलू कापसाच्या काट्यावर एकटे थांबेना. मग पंडितआबा आधी स्वतः उभे राहिले, ते सत्तर किलो भरले. पिलाला उचलून चढले, तर ऐंशी. म्हणजे पिलू दहा किलोचे. पुढे दर रविवारी आबा त्याला घेऊनच चढत आणि त्यांची बायको भिकुबाई आकडा वाचायची. दोन महिने काटा ऐंशीवरच अडून राहिला.

खाल्लेले अंगी लागत नाही म्हणून भिकुबाईने पिलाचे दूध वाढवले, भाकरीवर तूप वाढवले. आबाही आपल्या ताटातली भाकरी त्याच्यापुढे सरकवत. "माले भूक नही, त्याले दी टाक."

पिलाचे पुढचे पाय वाकू लागले, तेव्हा दोघे नवरा-बायको त्याला शिंदखेड्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पिलाला एकट्याला काट्यावर बसवले.

"बावीस किलो. अहो, वजनानेच पाय वाकलेत याचे. किती खाऊ घालता?"

"पन आमना काटावर तर ऐंशीच..." बोलता बोलता भिकुबाई थांबली. तिची नजर आबांच्या कमरेच्या पट्ट्यावर गेली. त्याला दाभणाने पाडलेली तीन नवी भोके होती.

"साहेब," ती आबांकडे बोट करून म्हणाली, "आते यास्ले काटावर उभं करा."