शाबूत नाक

तापातून उठल्यापासून सासूबाईंना वास येत नव्हता. पण कबूल करतील तर त्या सासूबाई कसल्या! शेवटी आमच्या प्रयोगशाळेत बनवलेला जेलचा एक तुकडा मीच आणून शेगडीमागे चिकटवला. स्पंजासारखा सच्छिद्र, आणि त्यातून हलकीशी वीज खेळवलेली. छिद्रांत गॅस शिरला की वीज अडखळते आणि भोंगा वाजतो.

"माझं नाक शाबूत असताना हा गिळगिळीत प्रकार कशाला?" सासूबाईंनी ते शाबूत नाक मुरडलं.

"आई, माझी चाचणी चाललीय, राहू द्या. फक्त तो सुकला की निकामी होतो. अधूनमधून पाणी शिंपडावं लागतं."

"त्याचे लाड तू कर. मला वेळ नाही."

पुढच्याच आठवड्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि भोंगा बोंबलला. मी धावत गेले, तर सासूबाई बटण बंद करून खिडकी उघडत होत्या.

"मला आधीच आला होता वास. ते आपलं माझ्यामागून ओरडलं."

पाणी शिंपडायचं मात्र मी साफ विसरले. महिनाभराने आठवलं, तेव्हा वाटलं, तुकडा खडखडीत वाळला असणार. काढून पाहिला तर चांगला ओलागच्च! नवल वाटलं म्हणून तपासायला डबीत घालून प्रयोगशाळेत आणला. पर्स अजून खांद्यावरच होती, तोच सासूबाईंचा फोन.

"अगं, चहा खोळंबलाय माझा. माझं नाक कुठे घेऊन गेलीस?"