सुनेनं खाल्लेली भांग

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न अमिताला विचारला होता. उत्तर तिच्या सासूनं, केसरबाईंनी दिलं.

"भांग खात होती, मॅडम. पोरगी पोटात असताना. तीन महिने, रोज."

एवढं बोलून केसरबाईंनी पदर सावरला आणि सुनेकडे पाहिलं. पायपुसण्याकडेसुद्धा माणूस याहून बऱ्या नजरेनं बघतो. हे सांगायलाच तर त्या पांढुर्ण्याहून सौंसरला आल्या होत्या.

नात गायत्री सहा वर्षांची. दवाखान्यात आल्यापासून तिनं दोन खुर्च्या पाडल्या होत्या आणि बापाच्या मनगटाला कडकडून चावली होती. शाळेनं तिला दोनदा घरी पाठवलं होतं. जामसावळीच्या मारुतीला पाच शनिवार नेऊन झालं, फरक नाही. मग कुणीतरी मोबाईलवर एक बातमी पाठवली. केसरबाईंनी ती शेजारच्या मुलीकडून वाचून घेतली. गरोदरपणी भांग-गांजा घेणाऱ्या आयांची मुलं चिडखोर, मारकुटी निघू शकतात, असं काहीसं त्यात होतं. 'शकतात' हा शब्द केसरबाईंनी तिथेच सोडून दिला. बाकीचं पाठ केलं.

त्याच दुपारी त्यांनी लेकाला, हेमंतला, ऐकवलं. डॉक्टरनं एकदा हो म्हटलं की सुनेला मोहगावला माहेरी पोचवून द्यायचं. पोरगी आपलं रक्त आहे, ती इथेच राहील. हेमंत बरं म्हणाला. तो सरकारी नोकरीत होता. साहेबांना बरं म्हणायचा, घरी आईला बरं म्हणायचा. बायकोला काय वाटतं हे विचारायला त्याला सात वर्षांत सवड झाली नव्हती.

अमितानं लेकीच्या फ्रॉकचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. घरून निघतानाच तिला कळलं होतं, की आज परत येताना पोरगी आपल्याजवळ असेलच असं नाही. ती भेदरली होती. केसरबाईंना ते दिसत होतं आणि बरंही वाटत होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. मुलांच्या अशा वागण्यामागे बरंच काही असतं, घरातलं वातावरणही असतं. उपचारानं फरक पडतो, आणि त्यासाठी आई सोबत हवी. केसरबाईंनी नाक मुरडलं. एवढी शिकलेली बाई, आणि समोर बसलेला गुन्हेगार तिला दिसेना. आपल्यालाच सगळं नीट सांगावं लागणार, हे त्यांनी ओळखलं.

डॉक्टरीणबाईंनी अमिताला विचारलं, रोज साधारण किती घेत होता? अमिता पुटपुटली, की नक्की किती ते तिला ठाऊक नाही.

केसरबाई हसल्या. "पाहा. खाल्ली हिनं, अन् मालूम नाही हिले. बोराएवढी गोळी, मॅडम. उपाशीपोटी."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. मग पुन्हा अमिताकडेच वळून विचारलं, की गोळी दुकानातून आणत होता, की घरी पाला वाटून करत होता?

अमितानं तोंड उघडलं. पण या मठ्ठ पोरीला घरी काही करता येत होतं, असं कुणी समजावं, हे केसरबाईंना सहनच होईना.

"ही कायची वाटते? हिले चटणी धड वाटता येत नाही," त्या म्हणाल्या. "ओकाऱ्या थांबून नव्हत्या राहिल्या हिच्या, म्हणून माह्या हातानं वाटत होती मी. नको नको म्हणे. गुळात घालून तोंडात कोंबत होती, अन् गिळेपर्यंत समोरून हलत नव्हती."