शोकाकुलांची यादी

नवऱ्याचा इस्त्री केलेला सूट हातावर घेऊन नफीया बेकरीच्या भिंतीपाशी थांबली आणि तिथला कागद वाचू लागली. दोनदा वाचला. मग चष्मा काढून स्वेटरच्या कडेला पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. तिचं नाव त्यात नव्हतं.

आमच्या बोस्नियात माणूस मेला की भिंतीवर लावायच्या निधनाच्या कागदाच्या चौकटीचा रंग आधी ठरतो. मुसलमानाला हिरवी, ख्रिस्ती माणसाला काळी आणि वर क्रूस. दोन्हीकडे न जाणाऱ्याला निळी. नफीयाच्या नवऱ्यानं, रातोमिरनं, निळी सांगून ठेवली होती आणि काल नफीयानं स्वतः गावभर फिरून निळे कागद लावले होते. आज तिच्या कागदावर, तिच्याच टाचण्यांनी, काळ्या चौकटीचा दुसरा कागद ठोकलेला होता. फोटो तोच, मासेमारीच्या टोपीतला. खाली शोकाकुल म्हणून भाऊ स्पासोये, भावजय मिल्का, मुलगी यास्ना, पुतणे, चुलत घराणी आणि शेवटी गावचं मासेमारी मंडळ. मुलगी होती, मुलीची आई नव्हती. पोर जणू झाडाला लागली होती. एक्केचाळीस वर्षांचा संसार, शेवटचे आठ महिने रात्रंदिवस त्याला कुशीवर वळवणं, आणि शोक कोणाला झाला, तर मासेमारी मंडळाला.

नफीयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटा दीर समोरच्याच कॉफीच्या दुकानात बसला होता. मंडळाचे दोघं जण त्याचं सांत्वन करत होते. वहिनीला येताना पाहून स्पासोये उठला, खुर्ची पुढे केली, कॉफी सांगू लागला.

"माझं नाव कुठंय, स्पासोये?"

त्यानं आवाज खाली आणला. दफन वडिलांच्या शेजारीच होणार, पाद्री येणार, प्रार्थना होणार, असं सगळं सांगत बसला. अशा वेळी कागदावर तिचं मुसलमानी नाव दिसलं तर उगाच कोणीतरी काहीतरी बोलायचं. भावाच्या शेवटच्या दिवशी त्याला वाद नको होता.

"पाद्री काही म्हणाले?"

"नाही."

"विचारलंस त्यांना?"

स्पासोयेनं कप बाजूला सरकवला. "विचारायचं कशाला, वहिनी. अशा गोष्टी आपणच समजून घ्यायच्या असतात."

आमच्याकडे बहुतेक वाईट गोष्टी अशाच झाल्या. हुकूम यायच्या आधीच कोणीतरी साळसूद माणूस समजून घेतो. नफीयाचं नाव काढायला कोणी सांगितलं नव्हतं. यानं ते आपणहून काढून दिलं होतं.

"क्रूस राहू दे," ती म्हणाली. "पाद्रीही आण. रातो काही उठून भांडणार नाही. पण लढाईत तीन हिवाळे माझं नाव सांगून तू मशिदीत वाटलेलं मदतीचं पीठ आणायचास. तेव्हा नाव बरं चाललं तुला."

मंडळातला एक जण घाईघाईनं बिल द्यायला उठला.

स्पासोयेनं मग व्यवहाराचं बोलणं काढलं. आज रविवार, छापखाना बंद. दफन दोन वाजता. आता नवीन कागद येणार कुठून? पण चाळिसाव्या दिवशी पुन्हा कागद लागतो, त्यावर तो तिचं नाव घालणार होता, अगदी पहिलं. तसा त्यानं शब्द दिला.

"हा सूट अकरापर्यंत शवागारात द्यायचाय," नफीया म्हणाली. "नाव आल्याशिवाय मी देणार नाही. पुर तुझ्या भावाला दवाखान्याच्या चादरीत. पाद्रींना सांग, आपणच समजून घ्या."

ती असं कधीच करणार नव्हती. आजारात रातो निम्मा झाला होता, म्हणून पहाटे उठून तिनं कोट उसवून पुन्हा आत घेऊन शिवला होता. पण एवढ्या वर्षांत स्पासोयेनं वहिनीला तेवढंही ओळखलं नव्हतं. त्यानं वेटरकडे पेन मागितलं.

भिंतीपाशी जाऊन त्यानं अगदी तळाला, मासेमारी मंडळाच्या खाली, पेन टेकवलं.

"वर. तुझ्या वर."

त्यानं स्वतःच्या नावावरच्या फटीत बारीक अक्षरात 'पत्नी नफीया' लिहिलं. तिनं वाचलं आणि मोठं करायला सांगितलं. त्यानं तीच अक्षरं पुन्हा गिरवली. मग पेनाचं टोपण लावून तो दुकानाकडे वळला.

"किती लावलेस?" नफीयानं विचारलं.

"नऊ."

"चल."

औषधाचं दुकान, टपाल कचेरी, मंडईतलं लिंडनचं झाड, मशिदीची भिंत. पुढे स्पासोये, मागे एका पावलावर नफीया, हातावर सूट, पँटची घडी न मोडलेली. मंडईत लोक पिशव्या खाली ठेवून बघत राहिले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि मग कोणासाठी काढली ते न कळून परत घातली. प्रत्येक कागदापाशी ती नाव वाचायची आणि मगच पुढे निघायची. बसथांब्यावर त्यानं एक खांब गुपचूप सोडून दिला. ती तिथेच उभी राहिली. तो परत आला.

नववा कागद पुलाच्या दिव्याच्या खांबावर होता. पावणेअकरा झाले होते. पेन 'पत्नी'पर्यंत चाललं, मग कागदावर नुसतं कोरडं ओरखडू लागलं. स्पासोयेनं ते झटकलं, टोकावर फुंकर मारली, तळहातावर फिरवून पाहिलं.

"शाई संपली, वहिनी."

नफीयानं सूट दुसऱ्या हातावर घेतला.

"दाबून लिही," ती म्हणाली.