पन्नास ग्रॅम

काट्यावरचा आकडा थरथरला आणि सत्तर किलो पन्नास ग्रॅमवर येऊन थांबला.

"उतर," पंच म्हणाले. "सत्तरच्या गटाला पन्नास ग्रॅम जास्त. तासाभरात पुन्हा ये. मग काटा बंद."

अल्पेश उतरला. त्याचे ओठ फुटले होते. चार दिवस मीठ बंद, काल दुपारपासून पाणी बंद. पहाटे अंगावर दोन स्वेटर चढवून तो माणगावच्या मैदानाला फेऱ्या मारून आला होता. अनुयाने त्याच्यापुढे रिकामा पेला धरला.

"थुंक. तेवढंच वजन उतरेल."

त्याने बराच वेळ प्रयत्न केला. "थुंकीच येत नाय, ताई."

मागे प्रशिक्षक भाऊ उभे होते. त्यांच्या तरुणपणी कबड्डीच्या पोरांचं वजन भाताच्या गोदामात होत असे, पोत्यांच्या काट्यावर. काटेवाला गावचा असला की सगळी पोरं गटात बसत. आताचा काटा विजेवर चालत होता आणि कुणाला ओळखत नव्हता.

"हा जिल्ह्याच्या संघात गेला ना, अनुया," भाऊ म्हणाले, "तर अकादमीतल्या सगळ्या पोरांचं खाणं तुझ्या हाती. शब्द दिलाय, तो दिलाय." आणि ते बाकीच्यांची नावं नोंदवायला गेले.

अलिबागला 'क्रीडा आहारतज्ज्ञ' अशी पाटी लावून अनुयाला दोन वर्षं झाली होती. पाटी वाचून येत त्या लग्न ठरलेल्या मुली. वडील जेवताना विचारत, "खेळाडूंना काय खायचं ते सांगायला माणूस लागतो?" खेळाडू म्हणावा असा एकच मिळाला होता, हा अल्पेश. पेणच्या खारपाटातला, मिठागरावर जन्म काढलेल्या बुधाजीचा एकुलता एक मुलगा. तो तिचं सगळं ऐकायचा. आईने जिताड्याचं कालवण पुढ्यात ठेवलं तरी आधी तिला फोन करून विचारायचा.

अनुयाची नजर त्याच्या केसांवर गेली. मानेवर रुळणारे दाट केस. खेळताना तो ते रबराने बांधायचा.

"केस काढ. सगळे."

अल्पेशने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "टक्कल? नाय, ताई. बापूस जिता हाय माझा. बापूस जिता असताना आमच्यात डोका नाय करीत. त्यान तो आदीच खाटेवर."

"पन्नास ग्रॅमसाठी वर्ष घालवणार आहेस?"

"घालवीन. पन डोका नाय करनार."

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. शिबिरात सगळ्यांचे फोन तिच्या पिशवीत बंद करून ठेवलेले असत, नियम तिचाच. वडील आजारी म्हणून एकट्या अल्पेशचा चालू होता. पडद्यावर 'आये' अशी अक्षरं होती. अनुया फोन घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेली.

परत आली तेव्हा तिने आधी पिशवीची चेन नीट लावली.

"काय बोल्ली आये? बापूस कसा हाय?"

"बरे आहेत. मी केसांचं विचारलं. काढू दे म्हणाले, माझी हरकत नाही."

"बापूस सोता बोल्ला?"

"स्वतः."

चार दिवसांत अल्पेश पहिल्यांदा हसला. "मंग चला. त्यानच सांगितला म्हनल्यावर काय!"

एसटी स्टँडसमोरच्या न्हाव्याने त्याचं डोकं भादरलं. काट्याने त्याला गटात घेतलं. अनुयाने मीठ घातलेली पेज त्याला घोटाघोटाने पाजली. वजन झालं की सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. मग ठरवलं, पहिला सामना झाला की. अल्पेश चढाईला जाई आणि दोघा-तिघांना बाद करून येई. भाऊंनी दुसऱ्या संघांच्या प्रशिक्षकांना हाका मारून बोलावलं. "ही आमची अनुया. पोरगं बघा काय केलंय हिनं!" दोघांनी तिचा नंबर घेतला. दुपारी तिने अल्पेशचाही फोन बंद केला. जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव पुकारलं गेलं, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, तेव्हा तिला वाटलं, आता नको, गाडीत सांगू. गाडीत तो पदक गळ्यात घालून गाढ झोपला.

गावात शिरताना त्याला जाग आली. "बापसाच्या गल्यात घालनार ह्या," पदक चाचपत तो म्हणाला.

अंगणात माणसं खाली बसली होती. अकादमीतल्या पोरांचे आईबापही त्यांत होते. बुधाजीचा धाकटा भाऊ रघू उठून पुढे आला. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. अल्पेशने काकाकडे पाहिलं आणि त्याचा हात हळूहळू स्वतःच्या डोक्यावर गेला.

ठमाबाई दारात बसली होती. तिने मुलाचं डोकं पाहिलं. मग पदक पाहिलं.

"सांज होईपरत थांबलो तुझ्यासाठी," ती म्हणाली. "मंग रघून आग दिली. डोका करून आयलास, म्हंजे तुला सकालीच समजला. आनि तरी खेलत बसलास?"

"आये, मना... मना कोनी..."

ठमाबाईने त्याच्यावरून नजर काढली. "ताई, तुमी बोल्लाव, लगेच पाठवते. तुमी याला कवा सांगितला?"

सगळं अंगण अनुयाकडे बघू लागलं. प्रशिक्षक भाऊ बघत होते, पोरांचे आईबाप बघत होते. अल्पेशही बघत होता; कालपासून पाणी मागताना बघायचा तसाच, ती देईल या भरवशाने.

"फोन आला तेव्हाच," अनुया म्हणाली.