दिस बुडायच्या आत

“भरतेशा, दिस बुडाया लागला रं. ताट वाढलंय.”

सांगलीजवळच्या मळ्यात आईची ही हाक उसाच्या सरीसरीतून यायची आणि लहानगा भरतेश खेळ टाकून घराकडं पळत सुटायचा. जैनाच्या घरात दिवा लागल्यावर घास नाही.

आता तो ब्रिजटाउनच्या व्हॅनमध्ये बसला होता. समुद्रापारच्या या शहरात डॉक्टरकी शिकायला येऊन त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. इथल्या पांढऱ्या व्हॅनला ठरलेली वेळ नाही. ठासून भरली की निघते. सकाळी त्यानं काही बिघडत नसे. संध्याकाळी मात्र कॉलेज सुटून तो खोलीकडं निघे, तेव्हा व्हॅन माणसांची वाट बघत उभी असे. कंडक्टर गाण्याच्या वर आवाज काढून हाका मारत राही. शेवटी ती किनाऱ्याला लागे, तोवर डावीकडच्या खिडकीत सूर्य पाण्याला टेकलेला असे. बाहेरचं खाणं त्याला चालत नव्हतं. खोलीवर पोचून भात टाकेपर्यंत अंधार. सुरुवातीला तो उपाशीच झोपला. मग जेवू लागला.

आईला, म्हणजे अव्वाला, हे त्यानं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याच्या चुकीचं प्रायश्चित्त म्हणून तिनं उपास धरले असते, आणि तिला शुगर होती.

सकाळी व्हॅनमध्ये जागा मिळाली की तो तिला फोन लावायचा. इथं दहा, तिथं संध्याकाळचे साडेसात. तिचा चेहरा पडदाभर दिसायचा. काल दिवस असताना जेवलास न्हवं, ती विचारायची. तो व्हय म्हणायचा. आणि तू? मी कवाच, ती म्हणायची.

आज शेजारच्या धिप्पाड बाईनं त्याला पार खिडकीशी दाबलं होतं. फोनमधल्या अव्वाकडं बघून ती ओळखीचं हसली. अव्वानं विचारलं, ही कोण रं? खातीपिती दिसती. तोही हसला.

मग अव्वानं कालचं सांगितलं. मंदिरात महाराज आले होते. सगळ्यांपुढं त्यांनी भरतेशचं नाव घेतलं. परमुलखात राहून पोरानं नेम मोडला नाही, म्हणाले. बायका वळून वळून तिच्याकडं बघत होत्या. सांगताना तिचा आवाज बारीक झाला.

व्हॅन वळणावर कलली. भरतेशनं पुढच्या सीटचा दांडा धरला.

“अव्वा, मी रात्रीच जेवतो. लय दिस झालं. तू उपास धरू नको.”

 व्हॅनमध्ये गाणं दणदणत होतं, कुणी उतरत होतं, कुणी चढत होतं. तो पडद्याकडं बघत राहिला.

अव्वाचा चेहरा हळूहळू मागं सरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्यामागचं स्वयंपाकघर दिसलं. दिवा लागलेला. खिडकी काळीमिट्ट. जमिनीवर एक ताट, वर दुसरं ताट पालथं घातलेलं.

“म्हाराज बोलत हुतं, तवा मला मान वर करवंना,” ती म्हणाली. “तुझा फोन आल्याबिगर घास उतरत न्हाई रं. तू गेल्यापासनं मी बी दिवा लावूनच जेवते.”