निरांजनाचा गोल

भाऊबीजेचं तबक हातात घेतलं तरी विशाखाचं मन थाऱ्यावर नव्हतं. पाटावर बसलेल्या भार्गवची, तिच्या धाकट्या भावाची, दृष्टी अपघातात गेली होती. तिने बनवलेली चिप त्याच्या मेंदूला समोरचा सर्वांत उजळ ठिपका तेवढा दाखवायची. एका ठिपक्याचा काय उपयोग, म्हणून उद्या डॉक्टर ती काढणार होते.

ती ओवाळू लागली तसा भार्गव ताठ बसला.

“ताई, ठिपका दिसेना. मोठा गोल दिसतोय.”

ज्योत तर एकच होती. ती जिथून जिथून फिरली ते सगळं जोडून त्याच्या मेंदूने आपला आपण गोल काढला होता, आणि विशाखा इतकी वर्षं ठिपके वाढवायला धडपडत होती. थक्क होऊन ती ओवाळतच राहिली.

“गोल वाकडातिकडा व्हायला लागला,” भार्गव हळूच म्हणाला. “रडतेस होय गं?”