बाभळीची फांदी

पहिला सोटा पाठीत बसला तेव्हा तो माणूस वाकलेलाच होता. दोन्ही हातांत बाभळीची फांदी, सायकल कुंपणाला टेकवलेली. दुसरा सोटा खांद्यावर बसला आणि तो तोंडावर काट्यांतच पडला. "सापडलास, चोरा!" धोंडीबा ओरडला आणि त्यानं तिसरा हाणला. साठी उलटली होती, पण हात अजून नांगर धरणाऱ्याचाच होता.

कित्येक दिवस तो या घटकेची वाट बघत होता. हमरस्त्यावर ट्रकनं दोघा कामगारांना चिरडलं, तेव्हापासून कंपन्यांतली पहिल्या पाळीची माणसं पवना नदीच्या काठानं पिंपरीला जायला लागली होती. वाट छान होती. ना ट्रक, ना भोंगा, करंजांच्या सावलीतून थेट पुलापर्यंत. पण पावसाळ्यात काठ खचला, ती वाट नदीत गेली आणि या शहाण्यांनी नवी वाट पाडली ती थेट धोंडीबाच्या ज्वारीतून. बाकीची जमीन कंपन्यांसाठी गेलेली. उरला होता हा काठचा बारा गुंठ्यांचा तुकडा. नवरा-बायकोच्या वर्षाच्या भाकरी त्यात उभ्या होत्या. कणसं भरत आली होती आणि त्यांच्यामधून रोज सकाळी तीस सायकली घुसत होत्या.

कुंपणाच्या तोंडाला त्यानं बाभळीची ही काटेरी फांदी आडवी लावली. काही उपयोग झाला नाही. आठ वाजता तो मळ्यात यायचा तेव्हा ज्वारीची ताटं मोडलेली असायची, मातीत चाकांचे चरे असायचे, फांदी मात्र जागच्या जागी. बायको गिरजाबाई सकाळी लवकर गवताला बाहेर पडायची, तीच जाता जाता लावत असणार. तेवढं तरी डोकं चालवते, असं मनात म्हणून त्यानं कधी विचारलं नाही. फांदी नसती तर शेजारच्या भैरूच्या म्हशींनी नदीवर जाता जाता सगळं चरून टाकलं असतं.

आज दिवस उगवायच्या आत तो ताटांआड दबा धरून बसला होता. सायकली आल्या. पुढच्यानं फांदी लाथेनं उडवली आणि घंट्या वाजवत अख्खी माळ आत शिरली. धोंडीबा सोटा उगारून धावला. पण चाकाला पायानं कोण गाठणार? "सरका, म्हातारबा!" म्हणत, हसत ती माणसं पार झाली. संतापानं त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तो मागं वळला, तर कुंपणाशी एक जण उतरलेला. फांदी धरून वाकलेला. देवच पावला म्हणायचा.

"बाबा, ऐका तरी, मी..." खाली पडलेला माणूस कसंबसं म्हणाला.

धोंडीबाला ऐकायचं नव्हतं. त्यानं त्याचं मनगट पायाखाली दाबलं. बोटांवर काट्यांचे ओरखडे होते, काही सुकलेले, काही ताजे. रोज कुंपण उघडणारी बोटं हीच, आणखी पुरावा कसला हवा? त्यानं दोन्ही हातांनी सोटा उचलला आणि त्या बोटांवर आणला. एकदा. मग आणखी एकदा. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. माणूस ओरडलाही नाही, नुसता आक्रसून गेला. मग धोंडीबानं दगड घेतला आणि सायकलच्या चाकांच्या तारा एकेक करून चेचल्या. त्याला फार बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं.

मागं राहिलेला सोबती येत नाही असं पाहून पुढचे दोघे परतले. एकानं त्या माणसाला उचलून छातीशी धरलं.

"किसन! अरे किसन! काय केलंत हे, आबा? कंपनीत लेथ मशीनवरचा माणूस आहे. बोटं गेली तर काय करील तो?"

"आन् कणसं गेली तर मी काय करू?" धोंडीबा म्हणाला.

किसनला एकाच्या सायकलवर मागं बसवून ते दोघे निघून गेले. फांदी रक्तानं माखून वाटेच्या कडेला पडून राहिली. धोंडीबा सोटा खांद्यावर टाकून, मिशीवर हात फिरवत घरी आला. चुलीपुढं बसून त्यानं सगळी हकिकत रंगवून सांगितली. चहाचा घोट घेऊन म्हणाला, "उद्यापास्नं तुजं बी काम वाचलं. फांदी लावाया नको."

"कुठली फांदी?" गिरजाबाईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"मळ्याची. रोज लावतीस न्हवं?"

"मी? मी ओढ्याकडं जाते गवताला. मळ्याच्या वाटंला दिवाळीपास्नं गेली न्हाई. मला वाटलं, तुमीच लावता."

धोंडीबा तिच्या हातांकडं बघत राहिला. पिठानं भरलेले, सुरकुतलेले हात. त्यांवर एकही ओरखडा नव्हता. कुंपण उघडणारे लाथेनं उघडत होते. काटे बोचत होते ते फक्त लावणाऱ्याला.

एवढ्यात बाहेरून भैरूची हाक आली, "धोंडीबा, पळ रे! माज्या म्हशी शिरल्या तुज्या ज्वारीत! आज फांदी लावली न्हाई व्हय कुणी?"